उमेदवार पाहण्याचा कार्यक्रम

विधानसभेच्या उमेदवारांना घरी कांदेपोह्यांना बोलवायचं, हे शालनताई खरवंडीकरांनी पोहे भिजवता भिजवताच ठरवलं. आयुष्यातले बरेचसे मोठे निर्णय त्यांनी ओट्यापाशीच घेतले होते आणि त्यातला एकही फारसा चुकला नव्हता. उमेदवार तसे पुष्कळ उभे होते. पण ज्यांची पत्रकं दाराखालून आणि ज्यांचा आवाज खिडकीतून रोज नेमानं घरात येत होता, असे तिघंच होते. त्या तिघांना बोलवायचं ठरलं.

कारण होतं एक कठडा.

हडपसरच्या अंगाला शालनताईंच्या सोसायटीपुढून जो रुंद रस्ता जातो, त्याच्या दुभाजकावर उन्हाळ्यात कोणीतरी छातीएवढा लोखंडी कठडा बसवून गेलं. कोणत्या खात्यानं बसवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. रंग मात्र छान काळा-पिवळा दिला होता. रस्त्याच्या पलीकडे वेणूबाई राहत. वेणूबाई मूळच्या इथल्याच गावच्या. आज जिथून सिमेंटचे मिक्सर जातात तिथे त्यांची गवार असे. शालनताई शहरातून इकडे राहायला आल्या तेव्हा सोसायटीला नळ होते आणि वेणूबाईंच्या विहिरीला पाणी होतं. ओळख तिथून झाली. तेव्हापासून दुपारचा चहा वेणूबाईंकडे. त्या काळी रस्ता ओलांडायचा म्हणजे एक बैलगाडी जाऊ द्यायची आणि निघायचं, एवढंच. पुढे बैलगाडीच्या जागी टेंपो आले, टेंपोंच्या जागी आयटीवाल्यांच्या गाड्या आल्या, तरी चहा चालू होता. कठड्यानं तो बंद पाडला.

आता वेणूबाईंकडे जायचं तर रिक्षा करून पार पुढच्या वळणापर्यंत जायचं आणि तिथून उलटं यायचं. रिक्षावाला विचारी, "कुठं जायचं?" शालनताई बोटानं समोरची इमारत दाखवत. रिक्षावाला त्या बोटाकडे बघे, मग इमारतीकडे बघे, मग शालनताईंच्या पायांकडे बघे आणि निघून जाई. एकजण तर "आजी, पोराबाळांची थट्टा करायचं वय आहे का हे?" असंही म्हणाला.

मग दोघींनी दुपारी आपापल्या गॅलरीत उभं राहून हात करायचं ठरवलं. पण वेणूबाईंना मोतीबिंदू. त्या महिनाभर मोठ्या प्रेमानं हात करत होत्या तो वरच्या मजल्यावरच्या संतोष कुलथ्यांच्या वाळत घातलेल्या बनियनला. फोन होता, पण फोनवर वेणूबाई फक्त "बरी हाय" एवढंच म्हणत आणि ठेवून देत. चहाच्या कपाशिवाय त्यांना बोलता येत नसे.

अशात निवडणूक लागली. तिन्ही पत्रकांवर 'वाहतुकीची कोंडी सोडवणार' असं छापलेलं होतं. शालनताईंनी ते वाचलं आणि त्यांना 'मुलगा निर्व्यसनी, स्वभावाने शांत' या ओळीची आठवण झाली. त्यांनी दोन पिढ्यांची लग्नं जमवली होती. बुधवार पेठेत एका पुस्तकाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं वधूवर मंडळ होतं, आणि कागदावरचा शांत स्वभाव वाचून त्या मंडळानं कधी अक्षता टाकल्या नव्हत्या. माणूस समोर बसवायचा, खायला द्यायचं आणि विचारायचं. नवऱ्या मुलाला जे लागू ते आमदाराला का नाही? नवरा तर एकीचाच असतो.

"अहो ताई, विचारून काय होणार? सगळे हो म्हणतील," शेजारच्या शैला म्हणाल्या. शैलांचा स्वभाव असा, की कुठलीही गोष्ट होणार नाही असं आधी सांगायचं आणि मग तिच्यासाठी खोबरं किसायला घ्यायचं.

"हो म्हणणारी स्थळंच मी जास्त तपासायची," शालनताई म्हणाल्या.

बातमी जिन्यातून खाली गेली आणि प्रश्न वर येऊ लागले. पहिल्या मजल्यावरच्यांना टँकरबद्दल विचारायचं होतं, दुसऱ्यावरच्यांना कबुतरांबद्दल. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मेट्रोवर एवढे प्रश्न काढले, की उमेदवाराला उत्तरं द्यायला मुदतवाढ मागावी लागली असती. शालनताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "दहा गोष्टी विचारल्या की दहा गोड उत्तरं मिळतात. एकच विचारायची. पण उत्तर येईपर्यंत उठायचं नाही."

संतोष कुलथे सोसायटीचे सेक्रेटरी. ते कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि घरी येऊनही हुद्द्यावरून उतरत नसत. "काकू, टेक्निकली आपल्या गेटवर उमेदवारांना प्रवेशबंदीची पाटी आहे. तीसुद्धा तुमच्याच अक्षरातली."

"पाटी न बोलावता येणाऱ्यांसाठी आहे. यांना मी बोलावते आहे."

"शिवाय आचारसंहिता आहे. परमिशन लागेल."

म्हणून शालनताई निवडणूक कचेरीत गेल्या. तिथे टेबलामागे नम्रता नावाच्या एक मॅडम होत्या. पुढ्यात फायलींचा डोंगर, आणि तरीही चेहरा हसरा. शालनताईंना त्या पाहताक्षणी आवडल्या. मंडळ चालू असतं तर त्यांनी आडनाव विचारलं असतं.

"कार्यक्रमाचं स्वरूप?" मॅडमनी विचारलं. "जाहीर सभा, कोपरा सभा, पदयात्रा, रॅली?"

"पाहण्याचा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा झाला असेल ना, तसा."

"माझं लव्ह मॅरेज आहे हो आजी."

"असू दे, असू दे," शालनताई समजुतीनं म्हणाल्या.

मॅडमनी जरा विचार करून 'कोपरा सभा' लिहिलं आणि कंसात 'बंदिस्त' असं घातलं. "खाद्यपदार्थ?"

"कांदेपोहे. वर ओलं खोबरं."

मॅडमनी एक जाडजूड दरपत्रक काढलं. त्यात मांडवापासून मोसंबीच्या रसापर्यंत प्रत्येक गोष्टीचा सरकारी भाव होता. पोहेही होते. उमेदवारानं खाल्लेली प्रत्येक बशी त्याच्या प्रचारखर्चात धरली जाणार होती.

"पण पोहे माझ्या घरचे. मी करणार."

"मग ती तुम्ही उमेदवाराला दिलेली देणगी होईल. तीही दाखवावी लागेल. तिघांनी सारखे खाल्ले नाहीत तर आणखी घोळ."

"नुसता चहा?"

"चहा आहे यात."

"पाणी?"

मॅडमनी पान उलटलं. "बाटलीतलं आहे." पुन्हा उलटलं. "तांब्यातल्या पाण्याचा भाव दिलेला नाही."

शालनताई परत आल्या त्या एकीकडे अपमानित होऊन आणि दुसरीकडे भारावून. कांदेपोह्यांचा कार्यक्रम आणि पोहेच नाहीत, असा प्रसंग त्यांच्या मंडळावर कधी आला नव्हता. पण ते दरपत्रक! मोसंबीचा रस केवढ्या पेल्यात, इथपर्यंत विचार केलेला. लग्नाच्या याद्या करायला बसणाऱ्या व्याह्यांकडे एवढी शिस्त असती तर कितीतरी मांडवांतली रडारड वाचली असती. शैलांनी किसलेल्या खोबऱ्याची मग वडी झाली आणि ती प्रचाराशी संबंध नसलेल्या लोकांनी खाल्ली.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तीन खुर्च्या मांडल्या. मधोमध स्टुलावर घासून लखलखीत केलेला तांब्या आणि भांडी. कचेरीतून कॅमेरा घेऊन एक गृहस्थ आले होते. त्यांनी तांब्याचं चारही बाजूंनी चित्रीकरण केलं आणि "आत सरबत नाही ना?" असं विचारून खात्री करून घेतली.

पहिले आले समर्थदादा. गावच्या जुन्या जमीनदार घराण्यातले, वेणूबाईंच्या चुलत दिराचा मुलगा. कडक पांढरा सदरा, मागे पोरांचा ताफा आणि एक हलगी. पाठोपाठ वकील ऋतुजाताई आल्या. सुती साडी, पायात चालायचे बूट आणि हातात लॅपटॉप, एकट्याच. तिसरे उत्तरेश्वर. धाराशिवकडून कारखान्यात नोकरीला आलेले, आता तिकडच्या पोरांसाठी खानावळ आणि वसतिगृह चालवणारे. ते वेळ टळून गेल्यावर घामाघूम होऊन आले. "माफ करा मावशी. समोरच होतो. पण वळणच घावंना."

शालनताईंनी या वाक्याला मनातल्या मनात गुण दिले.

तिघं खुर्च्यांवर बसले आणि आपोआप त्यांचे गुडघे जुळले. पाहण्याच्या कार्यक्रमाची खुर्ची असते तशी ती. आमदारकीचा उमेदवारही तिच्यावर पाय पसरून बसू शकत नाही.

"घरात शब्द कोणाचा चालतो?" शालनताईंनी सुरुवात केली.

"म्हणजे पक्षात?" समर्थदादांनी विचारलं.

"मी घर म्हणते, तुम्ही काहीही समजा."

दोघांनी दोन वेगवेगळ्या वरिष्ठांची नावं घेतली. उत्तरेश्वर अपक्ष होते. त्यांनी बायकोचं घेतलं.

"आणि निवडून आल्यावर राहणार कुठे?"

यावर तिघांनीही तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. मंडळात या प्रश्नानं भले भले अमेरिकेतले मुलगे घायाळ झाले होते.

मग शालनताईंनी तो एकच प्रश्न विचारला. समोर वेणूबाई राहतात. मला त्यांच्याकडे चहाला जायचं आहे. तुमचं म्हणणं काय?

समर्थदादा उठून उभे राहिले. त्यांचं म्हणणं दुमजली उड्डाणपूल, त्याखाली मेट्रो आणि सर्वात वर पादचाऱ्यांसाठी सरकत्या जिन्याचा पूल असं होतं. ऐकताना चक्कर येत होती, पण माणूस मनापासून सांगत होता. ऋतुजाताईंनी भिंतीवर तक्ते दाखवले. चौकाचं सर्वेक्षण, चालणाऱ्यांची मोजणी, जगातल्या शहरांची उदाहरणं. मुलीचा अभ्यास बघून शालनताईंना अभिमान वाटला. फक्त त्या अभ्यासाला लागणारा काळ आणि आपलं उरलेलं आयुष्य यांचा मेळ बसेल का, याची त्यांना शंका आली. उत्तरेश्वर डोकं खाजवत म्हणाले, "मावशी, खोटं कशाला बोलू? सिग्नल पोलिसांचा, पट्टे महापालिकेचे, आन् रस्ता नेमका कुणाचा हेच मी तीन कचेऱ्यांत विचारून आलो. परत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. आमदार झालो तरी बटन माझ्या हातात नसणार."

उत्तरं तिन्ही चांगली होती. हीच तर पंचाईत होती. मागून शैला हळूच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?"

आणि तेव्हा शालनताई ते बोलल्या. फार वर्षांपूर्वी, त्या स्वतः पाटावर बसल्या होत्या तेव्हा, मुलाच्या काकांनी त्यांना दारापासून खिडकीपर्यंत जायला सांगितलं होतं. सात पुरुषांच्या देखत. पाय धड आहेत का बघायला. तो संताप त्यांनी जन्मभर जपला. आपल्या मंडळात कुणी मुलीला तसं सांगितलं, की त्या त्या मंडळींच्या चपला स्वतः उचलून जिन्यात ठेवत. ती प्रथा कधी काळी कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

"जरा चालून दाखवा," शालनताई म्हणाल्या.

"कुठं?" समर्थदादांनी विचारलं.

"वेणूबाईंकडे. मला घेऊन."

"काकू, हे परमिशनमध्ये नाही," संतोष घाईघाईनं म्हणाले. "बंदिस्त लिहिलंय!" पण तोवर शालनताईंनी पदर खोचला होता आणि तिघंही उठले होते. एक उठला म्हणून दुसरा आणि दुसरा उठला म्हणून तिसरा. पण उठले, हे महत्त्वाचं.

फाटकाबाहेर येताच समर्थदादांची पोरं शिट्ट्या फुंकत रस्त्यात धावली आणि गाड्या अडवू लागली.

"ही मुलं रोज दुपारी येणार आहेत का?" शालनताईंनी विचारलं.

समर्थदादांनी हात वर केला. हलगी थांबली. मग ते म्हणाले, "मागं व्हा रे. समदे मागं व्हा." निवडणुकीच्या ऐन धामधुमीत आपल्या माणसांना मागे व्हा म्हणायला काय लागतं, ते ज्यांनी निवडणुका पाहिल्या आहेत त्यांनाच कळेल.

मग तो रस्ता. ऋतुजाताई पुढे झाल्या आणि एका पाण्याच्या टँकरपुढे त्यांनी तळहात धरला.

"मरायचंय का बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"पादचाऱ्याचा हक्क आधी आहे!"

"कुठं लिहिलंय?"

हे एका वकिलाला विचारायला नको होतं. ऋतुजाताईंनी कायद्याचं नाव घेतलं, वर्ष सांगितलं, आणि त्या पोटकलमांवर येईपर्यंत ड्रायव्हरनं कंटाळून इंजिनच बंद केलं. तेवढ्यात बाकीचे निघाले. उत्तरेश्वरांनी शालनताईंचा हात धरला नाही. आपलं कोपर पुढे केलं आणि ते त्यांना धरू दिलं, आणि पाऊल त्यांच्या पावलाएवढंच टाकलं. कुठल्या तरी म्हातारीला पुष्कळ चालवलेला माणूस दिसत होता.

कठड्याचा एक गज लोकांनी वाकवून फट केली होती. शालनताई गेल्या, उत्तरेश्वर गेले, मागून ऋतुजाताई साडी सावरत गेल्या. समर्थदादा अर्धे गेले.

पलीकडच्या फाटकात वेणूबाई उभ्या होत्या. एवढ्या जवळून घरचं पोट त्यांना मोतीबिंदूतूनही ओळखू आलं. एवढ्या गोंगाटातून त्यांचा आवाज आला; शेतातली पाखरं हाकललेला आवाज तो. "आरं सम्या, प्वाट आत घे की! निवडनूक झाल्यावर सोड!"

उत्तरेश्वरांनी एक हात ओढला, ऋतुजाताईंनी दुसरा. समर्थदादा सुटले, सदऱ्याचा खिसा कठड्यावर राहिला. तिघं कट्टर प्रतिस्पर्धी आणि मध्ये शालनताई, असे चौघं त्या अरुंद दुभाजकावर ओळीनं उभे राहिले, आणि पुढचा निम्मा रस्ता काही थांबेना. ट्रक गेला की सगळ्यांचे कपडे एका दिशेला उडत. सोसायटीच्या बाजूनं कॅमेरावाले गृहस्थ ओरडून विचारत होते, "ही संयुक्त सभा समजायची का?"

"आता इथे उभं राहून सांगा," शालनताई म्हणाल्या.

समर्थदादांनी फाटक्या खिशाच्या जागी हात ठेवला. "मावशी, पुलाचं ऱ्हाऊ द्या. हितं सिग्नल पायजे."

"आणि पट्टे," ऋतुजाताई म्हणाल्या. "सर्वेक्षण झालं माझं. आत्ताच."

"एकटा गेला की दुसऱ्या कचेरीत धाडतात," उत्तरेश्वर म्हणाले. "तिघं एकाच येळेला तीन कचेऱ्यांत जाऊन बसलो, तर कुठं धाडतील?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एवढा साधा डाव आजवर कुणाला सुचला नव्हता, कारण त्याला तीन माणसं लागत होती.

"आणि पडलात तर?" शालनताईंनी विचारलं.

"अर्ज भरल्यापासून हे कुणी इचारलं न्हाई बघा," समर्थदादा दुखावून म्हणाले. मग म्हणाले, "पडलो तरी येतो."

"पडले तर मला वेळच वेळ असेल," ऋतुजाताई म्हणाल्या. उत्तरेश्वरांनी होकाराची मान डोलावली.

पुढे निकाल लागला. एक निवडून आला, दोघं पडले. शालनताईंनी मत कुणाला दिलं ते त्यांनी शैलांनासुद्धा सांगितलं नाही, आणि शैलांनी ते काढून घेण्यासाठी काय काय केलं तो वेगळाच विषय आहे. पण संक्रांतीनंतर एका सोमवारी तिघंही खरोखर तीन कचेऱ्यांत जाऊन बसले, पडलेले दोघं सकाळपासून आणि निवडून आलेला दुपारनंतर. फायलीला पाठवायला जागाच उरली नाही. कठडा कापला गेला, पट्टे उमटले, सिग्नल लागला. त्यातला हिरवा माणूस फारच तरण्या पायांचा आहे अशी शालनताईंची तक्रार आहे आणि ती त्यांनी तिघांनाही कळवली आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी दुभाजकावर वाट बघून बघून वेणूबाईंचा धीर सुटला. "थांब गं शालन, मीच येती," असं ओरडून त्यांनी सरळ रस्त्यात पाऊल टाकलं. उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही. आपल्या गवारीच्या वाफ्यातून चालावं तशा त्या चालत आल्या, आणि कचाकच ब्रेक लागून तो अख्खा रस्ता त्यांच्यासाठी थांबला. उत्तरेश्वरांनी हात देऊन त्यांना वर घेतलं.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. काही महिने गॅलरीतून ठिपक्याएवढी दिसलेली बाई हाताच्या अंतरावर होती. वेणूबाईंचे गाल बसले होते. कपाळावर एक नवी खूण होती. मोरीत पडल्याची, फोनवर न सांगितलेली.

वेणूबाईंनी त्या तिघांकडे हनुवटीनं खूण केली. "मग? हेतलं कोन पसंत पडलं?"

"थांब गं," शालनताई म्हणाल्या. "आधी तुला बघू दे."

त्यांनी वेणूबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिन्ही उमेदवारांनी हळूच पाठ केली आणि ते येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभे राहिले. पुढच्या सभांची वेळ टळून चालली होती. त्यांच्यापैकी एकानंही घड्याळ पाहिलं नाही.